पेटीत उरलेली चेन

१

चौकशी अधिकाऱ्यांनी पेटीचं झाकण उचललं, आत डोकावले, झाकण परत लावलं आणि पुन्हा उचललं. दुसऱ्यांदाही आत तेवढंच होतं. एक इंजिन, एक कार्बोरेटर, स्पार्क प्लग, गुंडाळलेली चेन, रबराची बुशं आणि बोल्टची पुडी. खरं तर त्या पेटीत सुट्या भागांतला एक आख्खा चेनसॉ असायला हवा होता. चेन जिच्यावरून फिरते ती लोखंडी पट्टी, म्हणजे गाईड बार, नव्हती. दोन्ही हँडलं नव्हती, टाकीचा सांगाडा नव्हता. आणि ज्याच्यासाठी ही पेटी तळघरातून वर मागवली होती, ते क्लचचं कव्हर नव्हतं.

मला बोलावणं आलं ते त्यानंतर. मी सीमाशुल्क खात्याच्या दक्षता विभागात आहे, म्हणजे आपल्याच खात्यातल्या माणसांवर संशय घेणं हे माझं काम. कँटीनमध्ये मी बसले की शेजारचं टेबल आपोआप रिकामं होतं. आता मला याची इतकी सवय झाली आहे की कुणी आपणहून शेजारी येऊन बसलंच, तर मला आधी त्याचाच संशय येतो.

प्रकरण असं होतं. उंच झाडांच्या फांद्या छाटणारा एक माणूस होता, सगळे त्याला झाडवाला म्हणत. नव्या चेनसॉने फांदी कापताना चेन लाकडात अडकली, यंत्र उलटं उसळलं आणि त्याच्या मानेवर आलं. असं होतं तेव्हा हातापुढची दांडी मागे ढकलली जाते आणि कव्हरच्या आत बसवलेला ब्रेक पापणी लवायच्या आत चेन थांबवतो. त्या दिवशी चेन थांबली नाही. यंत्र वरून खाली फरशीवर पडलं आणि कव्हरचा पार चुरा झाला. यंत्र आयात करून विकणारा मालक म्हणाला, आमच्या प्रत्येक कव्हरमध्ये ब्रेक असतो, हाताला अडतो म्हणून झाडवाल्यानेच तो काढून टाकला असणार. बाजारात गेलेली बाकीची यंत्रं त्याने तपासणीच्या नावाखाली परत घेतली होती. ती गिऱ्हाइकांकडे परत गेली तेव्हा एकूण एक यंत्रात ब्रेक होता.

राहिली आमची पेटी. माल बंदरात उतरतो तेव्हा त्यातली एक पेटी नमुना म्हणून सील करून आम्ही ठेवून घेतो. त्या मालातलं कुणाचाही हात न लागलेलं असं ते एकच कव्हर उरलं होतं. त्यात ब्रेक नसता तर दोष मालकाच्या माथी. असता, तर झाडवाला स्वतःच्या बेपर्वाईने मेला हा शेरा कायमचा.

झाडवाल्याची बायको बाहेर बाकावर बसली होती. मी दिसताच उठून उभी राहिली. तिला बस म्हटलं तरी बसली नाही.

"ताई, भरपाईचं काय ते नंतर बघू," ती म्हणाली. "त्यांनी ब्रेक काढला होता की नव्हता, तेवढं मला सांगा. काढला असेल तर काढला म्हणून सांगा. पण नक्की काय ते सांगा."

तिला उत्तर द्यायला माझ्याकडे एकच दिवस होता. उद्या दुपारी चौकशी पुन्हा बसणार होती, आणि कव्हर नसेल तर मालकाचा शब्द प्रमाण मानून निकाल लागणार होता.

तिने विचारलं, "सापडेल ना?"

मी हो म्हणाले. असं कधी म्हणायचं नसतं, पण ती उभी होती.

२

तळघरातल्या खोलीचा ताबा ज्या बाईंकडे होता त्यांना सगळे नमुनेवाली म्हणत. या नावातली गंमत त्यांना कधीच रुचली नव्हती. सकाळी त्यांना कामावरून थांबवलं होतं आणि रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते.

"किल्ली कुठे असते?"

"कमरेला."

"बाई."

"जेवायला जाताना खिळ्याला लावते," त्या म्हणाल्या. "कमरेला टोचते हो बसलं की. सगळ्यांना ठाऊक आहे. इतकी वर्षं कुणी दाताची काडीसुद्धा उचलली नाही इथून."

"काल जेवायच्या वेळेला खाली कोण कोण होतं?"

"तो मालक आला होता, पेटी नीट आहे ना बघायला. मी म्हटलं सील आहे, हात लावायचा नाही. त्याचा क्लिअरिंग एजंट होता बरोबर. दोघं जिन्यात भांडत बसले होते. आणि कप्पेकाका आले होते, ते काय रोजच येतात, कुठलातरी स्क्रू नाहीतर वॉशर घेऊन. आणखी कुणी नाही." मग एकदम पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "मॅडम, मला चोरायचं असतं तर मी आख्खी पेटी गायब केली नसती का? अर्धी कशाला ठेवीन माझ्या गळ्यात अडकवायला?"

हे मला पटलं. दमट भिंतीपाशी पेट्यांची उतरंड होती, एखादी नाहीशी झाली असती तर ती त्या गर्दीतच कुठेतरी दडली असेल म्हणत महिनोन् महिने गेले असते. चोराने सील तोडलेली पेटी तशीच जागेवर ठेवली होती, म्हणजे चोरी झाली हे दिसलं तरी त्याची हरकत नव्हती. कदाचित ती दिसावी अशीच त्याची इच्छा होती.

कप्पेकाकांचं नाव मी ऐकलं आणि सोडून दिलं. काकांवर संशय घेणं म्हणजे देवळाच्या पायरीवर संशय घेण्यासारखं होतं. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला दरपत्रकात एक ठरलेली जागा असते. त्या जागेवरून तिच्यावरचं शुल्क ठरतं आणि कुठल्या परवानग्या लागतील तेही ठरतं. या जागांना काका कप्पे म्हणत, म्हणून ते कप्पेकाका. वर्गीकरणाचा शब्दन् शब्द मी त्यांच्याकडून शिकले. त्यांच्या खोलीत भिंतभर लाकडी कपाट होतं, शेकडो छोट्यामोठ्या खणांचं. प्रत्येक खणात त्या त्या कप्प्यातल्या खऱ्या वस्तू. नव्या माणसाला काका आधी महिनाभर त्या कपाटापुढे बसवत आणि मगच पुस्तक हातात देत.

मी गेले तेव्हा ते खिडकीशी बसून होते. बाहेर धुकट, राखाडी दुपार होती आणि क्रेन नुसत्या उभ्या होत्या.

"हा माल तुम्हीच तपासला होतात ना, काका?"

"मीच. सुटे भाग म्हणून सोडला."

हे महत्त्वाचं होतं. पूर्ण चेनसॉ म्हणून माल आला तर सुरक्षेची चाचणी झाल्याशिवाय तो बंदराबाहेर जात नाही. सुट्या भागांना ती अट नाही.

"ब्रेक होता का कव्हरमध्ये?"

"एवढ्या पेट्या बघतो मी, पोरी. कुठलं काय लक्षात राहणार?" ते म्हणाले. "पण हे काम बाजारातल्या चोराचं आहे. चेनसॉचे सगळे भाग उचलून नेले बघ त्याने. जुन्या बाजारात माणसं पाठव, तिथे मिळेल तुला."

मी लगेच माणसं पाठवली. काकांनी सांगितलं आणि मी ऐकलं नाही असं कधी झालंच नव्हतं. संध्याकाळी माणसं हात हलवत परत आली, आणि मला उगाचच वाटत राहिलं की काका काहीतरी चुकीचं बोलले होते. काय ते मात्र हाताला लागेना.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अग्निशमन दलाकडून त्याच जातीचा एक चेनसॉ उसना आणला. त्यांच्या मेकॅनिकने तो पूर्ण सुटा केला. तळघरातल्या मोठ्या टेबलावर मी एकूण एक भाग पसरून ठेवला आणि तिघांना एकेक करून बोलावलं. प्रत्येकाला एकच काम सांगितलं. यातले चेनसॉचे भाग एका बाजूला काढा.

नमुनेवालीने टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ही परीक्षा आहे का?"

"काढा तर खरं."

त्यांनी दोन्ही हातांनी सगळं एका बाजूला ओढलं, बोल्टसकट. "सगळेच की हो चेनसॉचे. यात शिलाई मशीनचं काय आहे?"

मग मालक आला. गुळगुळीत माणूस, दुःखाचा चेहरा घरूनच करून आलेला. "फार वाईट झालं त्या झाडवाल्याचं," तो बसायच्या आधीच म्हणाला. "पण मॅडम, ही माणसं ऐकतच नाहीत. किती सांगा."

"तुम्ही झाडवाल्याला सांगितलं होतंत?"

"म्हणजे मी स्वतः नाही."

"मग हे भाग वेगळे करा."

त्याने इंजिन उचललं, चेन उचलली, प्लग उचलला. बाकीकडे ढुंकूनही बघितलं नाही. "धंद्याचं विचाराल तर चेनसॉ म्हणजे एवढंच. उरलेलं प्लास्टिक आणि पत्रा. तुमचा चोर अगदीच कच्चा होता बघा. चेन सोडून गेला! चेन झिजते, सारखी बदलावी लागते. बाजारात ठेवायचा अवकाश, हातोहात जाते. आणि नेलं काय, तर हँडलं!" तो हसला, आणि आपण कुठे बसलो आहोत हे आठवून गप्प झाला.

"ही चोरी तुमच्या पथ्यावरच पडली की."

"पेटी आख्खी नाहीशी झाली असती तर बरं होतं," तो म्हणाला. मग जीभ चावली. पण मला ते खरं बोलणं वाटलं. त्याचा फायदा सगळंच नाहीसं होण्यात होता. अर्ध्या पेटीमुळे चोरी उघडी पडली, आणि चोरी म्हटली की पहिलं बोट त्याच्याकडे.

शेवटी एजंट. हा मनुष्य बारीक, तिखट आणि सदा भांडायला तयार. बंदरातून माल सोडवून देण्याची निम्मी कामं त्याच्या हातून होत, आणि दरपत्रक त्याला कुठल्याही अधिकाऱ्याइतकं पाठ होतं. माझा सगळ्यात जास्त भरवसा त्याच्यावर होता, म्हणजे चोर म्हणून.

त्याला सांगावं लागलं नाही. त्याचे हात झरझर चालले. इंजिन डावीकडे. चेन डावीकडे.

"चेन का वेगळी?"

"चेन चेनसॉचा भाग नाही, मॅडम. तुम्हाला मी सांगायचं? ती कापणारी पाती. हत्यारांच्या कप्प्यात जाते, करवतीच्या पात्यांबरोबर. इंजिन इंजिनांत. प्लग विजेच्या सामानात. बुशं रबरात, बोल्ट लोखंडात." उजवीकडे त्याने गाईड बार ठेवला, दोन हँडलं, सांगाडा, कव्हर. पेटीतून गेलेल्या वस्तूंची रास माझ्या डोळ्यांसमोर तयार होत होती.

मग त्याने कार्बोरेटर उचलला आणि ठणकन उजव्या राशीत ठेवला.

"आणि हा इथे! हा इथेच! दुसऱ्या कुठल्या इंजिनाला बसवून दाखवा हा, मी धंदा सोडतो. यावरून किती वर्षं भांडतोय मी. इंजिनाचा भाग म्हणे! अपिलात गेलोय, अजून निकाल नाही. मरेपर्यंत मी हा तिकडे ठेवणार नाही."

"चोराने कार्बोरेटर पेटीतच ठेवला," मी म्हणाले.

एजंटाचा हात राशीवरच थांबला. त्याने भिंतीशी परत आणून ठेवलेल्या पेटीकडे बघितलं, राशीकडे बघितलं, आणि हे माझ्याही आधी त्याच्या लक्षात आलं. भांडखोर माणूस एकदम मऊ झाला.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "तुम्ही स्वतः एकदा करून बघा ना."

४

तो गेल्यावर मी दार लावून घेतलं. सगळे भाग पुन्हा एकत्र कालवले आणि बसले.

विचार करायचा नाही असं ठरवलं. हातांना मोकळं सोडलं. वर्गीकरण सोडून मला बराच काळ झाला होता, पण सायकल चालवायला विसरत नाही तसंच हेही असतं. हात आपले आपण चालले. इंजिन डावीकडे, कार्बोरेटर इंजिनाच्या मागोमाग डावीकडे, प्लग, चेन, बुशं, बोल्ट डावीकडे. उजवीकडे उरले ते बार, हँडलं, सांगाडा आणि कव्हर.

डाव्या बाजूला जे होतं तेच पेटीत उरलं होतं. बोल्टच्या पुडीपर्यंत सगळं जसंच्या तसं.

मग काल काका काय चुकीचं बोलले ते लक्षात आलं. चेनसॉचे सगळे भाग उचलून नेले, असं ते म्हणाले होते. इंजिन जागेवर, चेन जागेवर, आणि काका म्हणत होते सगळे भाग गेले. जगातला दुसरा कुठलाही माणूस असं म्हणणार नाही. नमुनेवाली म्हणाली नसती, मालक म्हणाला नसता. एजंट म्हणाला असता, पण कार्बोरेटर राहिला असताना त्याच्या तोंडून सगळे हा शब्द मेला तरी निघाला नसता.

मी उलटूनही बघितलं. एजंटाने मुद्दाम काकांच्या पद्धतीने चोरी करून आळ त्यांच्यावर ढकलला असेल का? पण ढकलायचा असता तर काल एका दिवसात त्याने कुणाच्या तरी कानात तसं घातलं असतं. तो तर मी कार्बोरेटरचं सांगेपर्यंत बेसावध होता. आणि मला स्वतः करून बघा म्हणाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता. कणव होती, माझ्यासाठी.

चोराला हवं होतं फक्त कव्हर. एकटं कव्हर गेलं असतं तर सगळ्यांना कारण कळलं असतं. म्हणून भुरट्या चोरीचा देखावा करायचा ठरला, चेनसॉचे सुटे भाग विकणाऱ्या चोराचा. असा चोर काय नेईल? चेनसॉचे भाग नेईल. आणि चेनसॉचे भाग कुठले, याचं ज्याच्या हाताला आयुष्यभर एकच उत्तर ठाऊक होतं, त्याने तेवढेच नेले. बाजारात चेन हातोहात जाते याचा त्याला पत्ताच नव्हता. ती त्याच्या लेखी दुसऱ्या कप्प्यातली वस्तू होती.

मला दक्षता विभागात येऊन पहिल्यांदाच असं वाटलं की आपलं चुकलेलं असेल तर बरं. मी तो ढीग परत परत कालवला आणि परत परत लावला. दर वेळेला हात तिथेच गेले.

५

काका कपाटापुढे उभे होते, हातात पुसायचं फडकं. मला बघून हसले.

"सापडला का चोर?"

"काका, चेनसॉच्या भागांचा खण कुठला?"

त्यांनी फडक्याची नीट चौकोनी घडी घातली. मग बाजूला झाले. दोनच पावलं, पण मला वाट मिळेल इतके.

खण जड होता. आत जुन्या दोनतीन हँडलांच्या शेजारी एक नवा बार होता, दोन नवी हँडलं, सांगाडा आणि अगदी खाली मऊ कापडात गुंडाळलेलं कव्हर. चोरीचा माल त्यांनी नेमका जिथे असायला हवा तिथे लावून ठेवला होता. कुणी शोधलं असतं तरी काकांच्या कपाटात भागांच्या खणात भाग सापडले, यात कुणाला काय वाटणार होतं?

मी कव्हर खिडकीपाशी नेलं आणि आतून बघितलं. ब्रेकचा पट्टा बसतो ती खाच कोरी होती. पट्ट्याच्या स्क्रूसाठी दोन भोकं होती आणि त्यांच्या तोंडावर कारखान्यातला रंग जसाच्या तसा, न तडकलेला. तिथे कधी एकही स्क्रू फिरला नव्हता. ब्रेक कुणी काढला नव्हता. तो मुळातच बसवलेला नव्हता.

"टाकून का नाही दिलंत?" मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं. "मागे समुद्र आहे, काका."

"समुद्रात टाकू?" ते म्हणाले. "चांगली वस्तू आहे ती. टाकाऊ नाही."

मग ते खुर्चीत बसले. एकाएकी म्हातारे दिसायला लागले.

"तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं ना? माल आला तेव्हा?"

"दिसलं होतं."

"मग?"

"मग काय. नियम तुला माहीत आहे. वस्तू अपुरी असली, सुटी करून आणलेली असली, तरी तिचं मुख्य रूप जर पूर्ण वस्तूचं असेल तर ती पूर्णच धरायची. पेटीत सगळं होतं. फक्त ब्रेक नव्हता. दोन दिवस विचार केला मी, पोरी, थट्टा नाही करत. आणि ठरवलं की ब्रेक नसलेला चेनसॉ हा चेनसॉच नव्हे. तो कुणी हातातसुद्धा धरणार नाही. म्हणजे मुख्य रूप नाही. म्हणजे सुटे भाग."

"आणि सुटे भाग, म्हणून चाचणी नाही."

"चाचणी नाही."

मला ते नीट समजायला थोडा वेळ लागला. ज्या एका उणिवेपायी झाडवाला मेला, त्याच उणिवेमुळे तो माल बंदराबाहेर पडला होता. ब्रेक असता तर यंत्र पूर्ण ठरलं असतं आणि तपासलं गेलं असतं. ब्रेक नव्हता म्हणून कुणी तपासलंच नाही.

"मालकाने काही दिलं होतं?" हे विचारावं लागतं. विचारताना मला माझीच लाज वाटली.

त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मला? कप्पा बदलायला?" मग तो रागही ओसरला. "तसं असतं तर बरं झालं असतं गं. निदान दुष्ट तरी ठरलो असतो. मी बरोबर होतो. अजूनही पुस्तकाप्रमाणे बरोबरच आहे. पण ते कव्हर सगळ्यांपुढे टेबलावर आलं असतं, तर लोकांनी विचारलं असतं, तुम्हाला हे दिसलं नाही का हो? आणि मला दिसलं होतं."

"नमुनेवाल्या बाईंची नोकरी जात होती."

"तिला मी वाचवणार होतो. निकाल लागला की." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "लिहून देतो तुला सगळं. आत्ताच देतो."

मला फार राग आला होता. त्यांच्यावर, आणि मी काल त्यांचं ऐकून दिवस घालवला म्हणून माझ्यावर. पण या माणसाने मला अक्षरशः बोट धरून शिकवलं होतं, आणि त्यांच्यावर ओरडणं मला जमेना.

"लिहून काय होणार, काका?" मी म्हणाले. "ती बाहेर बाकावर येऊन बसली असेल. तिला सांगा."

"मी?"

"दिसलं तुम्हाला होतं."

६

बाकाजवळ पोचेपर्यंत काकांनी माझा हात धरला होता. मी तो सोडवला नाही.

झाडवाल्याची बायको आम्हाला बघून पुन्हा उठून उभी राहिली. माझ्या हातातल्या कव्हरकडे तिची नजर गेली, पण तिला ते ओळखू येण्याचं काही कारण नव्हतं. मी तिला ते आतून दाखवलं. खाच दाखवली, भोकांवरचा रंग दाखवला. ब्रेक असता तर इथे असता, असं सांगितलं. ती बोट लावून बघायला घाबरत होती, म्हणून तिचं बोट मीच त्या रंगावर टेकवलं.

"म्हणजे?" ती म्हणाली.

"ब्रेक कधी नव्हताच," काका म्हणाले. "तुमच्या यजमानांनी काही काढलं नव्हतं. यंत्र आलं तेव्हापासूनच नव्हता. मी बघितलं होतं. माल मी सोडला होता."

मी तिच्याकडे बघत राहिले. ती ओरडेल असं मला वाटलं, काकांच्या अंगावर जाईल असंही वाटलं, आणि खरं सांगायचं तर मी मध्ये पडणार नव्हते. मालक कोपऱ्यात येऊन उभा होता. त्याला माझ्या हातातली वस्तू दिसली आणि त्याची पाचावर धारण बसली. पण तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुम्ही बघितलं होतं," ती काकांना म्हणाली.

"हो."

"नक्की?"

"नक्की, बाई. त्यांचा काडीचाही दोष नाही."

मला वाटलं होतं हे ऐकून ती जरा सैल होईल. ती हळूहळू बाकावर बसली. कव्हर तिने माझ्याकडून मागून घेतलं आणि मांडीवर ठेवलं. आतून शिपायाने चौकशी सुरू होत असल्याचा पुकारा केला. नमुनेवाल्या बाई जिन्यावरून धावत येत होत्या. मी म्हणाले, चला, आत हेच सांगायचं आहे. ती उठेना.

"मालकाची माणसं अपघाताच्याच दिवशी येऊन सांगून गेली होती, यांनी ब्रेक काढला म्हणून," ती म्हणाली. "आणि मला खरं वाटलं. त्यांचा स्वभावच तसा होता हो, कशात काही अडलं की उचकटून टाकायचे. मला खरंच वाटलं." तिने कव्हरवरून हात फिरवला. "दुसऱ्या दिवशी त्यांना घरी आणलं तेव्हा मी रडले नाही, ताई. सगळ्यांच्या देखत त्यांच्यावर ओरडले. कुणी सांगितला होता शहाणपणा, पोरांचा विचार नाही आला का, असं खूप बोलले. लोकांनी धरून बाजूला नेलं मला, तरी बोलतच होते. मग त्यांना घेऊन गेले."